मुदत संपलेलं कार्ड, दोन प्रलंबित अर्ज आणि साताऱ्याला तातडीने जाणं

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारी एक मराठी स्त्री. नवरा अमेरिकी नागरिक. ८ मार्च २०२२ रोजी ती सीआर-१ व्हिसावर, म्हणजे नव्याने लग्न झालेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, अमेरिकेत उतरली. तेव्हा लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नव्हती, म्हणून कायद्याप्रमाणे तिला दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळालं. त्याची मुदत ८ मार्च २०२४ ला संपली. अट काढून टाकण्यासाठीचा आय-७५१ अर्ज दोघांनी मिळून जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे कार्ड संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत, भरला होता. तो अजून प्रलंबित होता. मार्च २०२५ मध्ये तीन वर्षं पूर्ण होताच तिने नागरिकत्वासाठी एन-४०० भरला. तोही प्रलंबित. आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याहून भावाचा फोन आला: बाबांना पक्षाघाताचा झटका आलाय, उजवी बाजू गेली आहे, तू ये.

ही परिस्थिती कोणा एका कुटुंबाची नाही. अशा घरांत पुन्हापुन्हा उभे राहणारे प्रश्न एका प्रवासात एकत्र करून ती मांडली आहे. नियम, फॉर्म आणि तारखांचं गणित मात्र खरं आहे. हे सविस्तर लिहायचं कारण असं, की अशा वेळी आपल्या लोकांना दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, “अर्ज चालू असताना देशाबाहेर पाऊलसुद्धा टाकू नकोस.” दुसरा म्हणतो, “ग्रीन कार्ड आहे ना, मग कसली काळजी?” दोन्ही चुकीचे आहेत, आणि पहिला सल्ला तर क्रूर आहे. त्याच्यापायी माणसं आईवडिलांच्या शेवटच्या दिवसांत जाऊ शकत नाहीत.

कागद काय सांगत होते

आधी मुळाशी जाऊ. कायम रहिवासी असणं हा कायद्याने दिलेला दर्जा आहे. कार्ड हा त्या दर्जाचा पुरावा. पुराव्याची मुदत संपली म्हणून दर्जा संपत नाही. सशर्त रहिवाशाने वेळेत आय-७५१ भरला, तर निर्णय लागेपर्यंत त्याचा दर्जा टिकतो. अडचण येते ती पुरावा दाखवण्याची, आणि तो दाखवायचा असतो विमान कंपनीच्या काउंटरवर, जिथे इमिग्रेशन कायदा कोणी शिकलेलं नसतं.

त्यासाठीच आय-७५१ ची पोचपावती असते, आय-७९७ नावाची. जानेवारी २०२३ पासून या पावतीवर, कार्डावरच्या तारखेपुढे ४८ महिने मुदत वाढवल्याचं लिहिलेलं असतं. त्याआधी ती २४ महिने होती आणि त्याहून आधी १८. अर्जांचा ढीग वाढत गेला तशी मुदतही वाढवावी लागली. आपल्या प्रकरणात ८ मार्च २०२४ मध्ये ४८ महिने मिळवले, की ८ मार्च २०२८ येतो. म्हणजे मुदत संपलेलं कार्ड आणि ही पावती मिळून तिच्याकडे पुढची जवळपास तीन वर्षं चालणारा प्रवासाचा पुरावा होता. दोन्ही एकत्र मात्र हवेत. नुसतं कार्ड चालत नाही, नुसती पावतीही नाही.

नागरिकत्वाच्या अर्जामुळे प्रवासाला बंदी येत नाही. एन-४०० भरल्यावर बाहेर जाता येतं. फक्त बोटांच्या ठशांची किंवा मुलाखतीची तारीख चुकता कामा नये, आणि बाहेरचा मुक्काम किती लांबतो यावर लक्ष ठेवावं लागतं. तिचे ठसे झालेले होते.

जाता जाता एक गोष्ट. नवरा नागरिक असेल तर तीन वर्षांच्या नियमात अर्ज नव्वद दिवस आधी भरता येतो, हे बरेच जण ऐकून असतात. पण ती सूट सलग वास्तव्याच्या अटीपुरती आहे. नवऱ्यासोबत तीन वर्षं एकत्र राहिलेलं असणं ही अट अर्जाच्या दिवशीच पूर्ण झालेली लागते. ती मार्च २०२२ मध्ये येऊन नवऱ्यासोबत राहू लागली, म्हणून मार्च २०२५ पर्यंत थांबली ते बरोबरच केलं.

तिकीट काढण्याआधीचे दोन दिवस

घरात गडबड होती, तरी काही कामं जाण्याआधी उरकणं गरजेचं होतं. आणि ती झाली म्हणून पुढचं सगळं निभावलं.

पहिलं काम कराचं. १५ एप्रिलची मुदत तोंडावर होती. नवरा-बायकोने २०२४ चं विवरणपत्र एकत्र, रहिवासी म्हणून, फॉर्म १०४० वर भरलं. हे केवळ कराचं काम नाही. कायम रहिवाशाने स्वतःला अनिवासी दाखवून विवरणपत्र भरलं, तर अमेरिकेतलं वास्तव्य सोडल्याचा तो ठळक पुरावा मानला जाऊ शकतो. थोडा कर वाचवायच्या नादात असं करणारे लोक आहेत, आणि त्याची किंमत त्यांना विमानतळावर कळते.

दुसरं, नोकरी. १९९३ च्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह कायद्याप्रमाणे आजारी आईवडिलांच्या सेवेसाठी बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळू शकते आणि नोकरी राखून ठेवली जाते. त्यासाठी कंपनीत किमान पन्नास माणसं हवीत आणि आपली तिथे किमान वर्षभराची नोकरी झालेली हवी. तिची कंपनी त्यात बसत होती. रजेचं लेखी पत्र तिने घेतलं. साहेबांनी तोंडी “जाऊन ये” म्हटलं होतं, पण पाच महिन्यांनी पुरावा म्हणून ते तोंडी वाक्य दाखवता आलं नसतं.

तिसरा प्रश्न रीएंट्री परमिटचा. आय-१३१ वर मिळणारं हे परमिट वर्षाहून जास्त बाहेर राहायचं असेल तर लागतं. अर्ज भरताना माणूस अमेरिकेत हजर असावा लागतो, नंतर ठसेही द्यावे लागतात. साताऱ्यात बसून तो भरता येत नाही. इथे खरा पेच होता. पक्षाघाताच्या रुग्णाला किती महिने लागतील, हे निघताना कोण सांगणार? माझं मत असं की मुक्काम वर्षाच्या पुढे जाईल अशी दाट शंका असेल, तर दोन दिवस उशिरा निघावं पण अर्ज भरूनच निघावं. इथे तशी शंका नव्हती. सहा महिन्यांच्या आत परतायचं, हे दोघांनी आधीच ठरवलं होतं. म्हणून परमिटवाचून जाणं हा निर्णय मला योग्य वाटतो.

तिकीट मात्र आधी चुकीचं निघणार होतं. युरोपातून जाणारं स्वस्त पडत होतं. भारतीय पासपोर्टवर काही युरोपीय देशांत विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि ज्यांच्याकडे वैध अमेरिकी रहिवासी कार्ड असतं त्यांना त्यातून सूट मिळते. पण इथे कार्ड मुदत संपलेलं. अमेरिकेने दिलेलं मुदतवाढीचं पत्र तिसऱ्या देशाने मानावंच, असं बंधन नाही. प्रत्येक देशाचा नियम वेगळा, तो बदलतही असतो. थेट विमान घेणं शहाणपणाचं होतं. तिने तेच केलं, आणि जातानाच परतीच्या तारखेसह तिकीट काढलं. तारीख पुढे ढकलता येते. परतीचं तिकीट नसणं मात्र पुढे प्रश्नाला आमंत्रण देतं.

आखातातून जाणाऱ्यांनी अबू धाबीचा वेगळा विचार करावा. तिथे २०१४ पासून अमेरिकेची पूर्वतपासणी आहे, म्हणजे अमेरिकी अधिकारी विमानात बसण्याआधीच तपासतात. ज्यांचे कागद सरळ आहेत त्यांची सोय होते. पण कार्ड संपलेलं, अर्ज प्रलंबित, मुक्काम लांबलेला अशा माणसाने तपासणीला अमेरिकेच्या भूमीवर उभं राहणं केव्हाही चांगलं. तिथे वाद झाला तर इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाण्याचा मार्ग उघडा असतो. परक्या विमानतळावर नाकारलं गेलं, तर माणूस विमानात चढतच नाही.

कागदांची एक फाईल हातातल्या बॅगेत गेली: पासपोर्ट, कार्ड, आय-७९७ ची मूळ प्रत, एन-४०० ची पावती, रजेचं पत्र, विवरणपत्राची प्रत, दोघांच्या नावाचा घरभाडे करार. सगळ्याचे फोटो नवऱ्याकडे. मूळ पावती सामानात टाकू नये, हे वेगळं सांगायला नको. कार्ड भारतात हरवलंच, तर मुंबईच्या वाणिज्य दूतावासात आय-१३१ए भरून विमानात चढण्यापुरता कागद मिळू शकतो. त्याचं शुल्क ५७५ डॉलर आहे आणि त्यात दिवस जातात.

१२ एप्रिलला ती निघाली.

दिवाळी की ९ ऑक्टोबर

बाबा वाचले. पण बोलणं परत यायला आणि काठी घेऊन चालायला उन्हाळा गेला, पावसाळा गेला. बारा आठवड्यांची रजा जुलैच्या सुरुवातीला संपली. कंपनीने आणखी बिनपगारी रजा दिली, तीही लेखी घेतली. साताऱ्यात मैत्रिणीच्या शाळेत थोडे दिवस शिकवायला येतेस का, अशी विचारणा झाली. तिने नाही म्हटलं, ते फार बरं झालं. बाहेरच्या देशात नोकरी धरणं हे वास्तव्य सोडल्याचं लक्षण म्हणून बघितलं जातं.

जुलैच्या मध्यावर एडिसनच्या पत्त्यावर मुलाखतीचं पत्र आलं. ऑगस्टमध्ये नेवार्कच्या इमिग्रेशन कार्यालयात एन-४०० ची मुलाखत. आय-७५१ प्रलंबित असल्याने तोही त्याच वेळी बघितला जाणार, म्हणून नवऱ्यानेही हजर राहायचं. नवऱ्याचं म्हणणं, “आठवड्यासाठी ये, मुलाखत दे, परत जा.” हा पर्याय वाईट नव्हता. पण त्याच आठवड्यात बाबांची मानेतल्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया ठरली होती, आणि भाऊ एकटा पुरा पडणार नव्हता. तिने पत्रात सांगितल्याप्रमाणे कार्यालयाला लेखी कळवलं, रुग्णालयाचं इंग्रजी प्रमाणपत्र जोडलं आणि पुढची तारीख मागितली.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. मुलाखतीला न कळवता गैरहजर राहिलं, तर अर्ज प्रशासकीय पातळीवर बंद केला जातो. वर्षाच्या आत लेखी विनंती केली तर तो पुन्हा उघडतो, नाहीतर सोडून दिला असं धरलं जातं. पण आय-७५१ च्या मुलाखतीला न जाण्याचे परिणाम याहून गंभीर असतात. अर्ज नाकारला जाऊ शकतो आणि प्रकरण हद्दपारीच्या न्यायालयाकडे जाऊ शकतं. म्हणून तारीख वेळेत, सकारण आणि लेखी पुढे ढकलणं हाच मार्ग. पत्र पाठवल्याची पावती जपून ठेवायची.

सप्टेंबर आला आणि खरी ओढाताण सुरू झाली. आईचं म्हणणं साधं होतं: “बाबा आत्ता कुठे उठून बसायला लागलेत. दिवाळी करून जा.” लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. १२ एप्रिलपासून मोजलं तर १८० दिवस ९ ऑक्टोबरला भरत होते.

या आकड्याला दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ आहे. पहिलं, सीमेवर. कायम रहिवासी परत येतो तेव्हा साधारणपणे तो नव्याने प्रवेश मागतोय असं कायदा मानत नाही. मात्र सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलेला ते संरक्षण गमावतो, आणि नव्या प्रवाशाला लागू होणारी प्रवेशबंदीची सगळी कारणं त्यालाही लावता येतात. दुसरं, नागरिकत्वात. सहा महिन्यांहून जास्त आणि वर्षाहून कमी मुक्काम झाला, तर सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरलं जातं, आणि ते तुटलं नाही हे दाखवणं अर्जदारावर येतं. अर्ज भरल्यानंतरच्या काळालाही हा नियम लागू आहे. ‘अर्ज तर भरून झाला’ असं समजून निर्धास्त होणारे इथेच फसतात. नागरिकत्वासाठी लागणारे अमेरिकेतल्या प्रत्यक्ष हजेरीचे १८ महिने मात्र अर्जाच्या तारखेपर्यंतच मोजतात, त्यामुळे त्या बाजूने तिला धोका नव्हता.

सहा महिने ओलांडले म्हणजे सगळं बुडालं असं नाही. अमेरिकेतली नोकरी सोडलेली नाही, जवळचं कुटुंब तिथेच आहे, घर आपल्या ताब्यात आहे, बाहेर नोकरी धरली नाही, हे चार मुद्दे नियमातच लिहिलेले आहेत आणि ते चारही तिच्या बाजूने होते. पण जो वाद टाळता येतो तो ओढवून का घ्यावा? दिवाळी दरवर्षी येते असं म्हणणं सोपं आहे. बाबांची ही दिवाळी कितवी आणि पुढची असेल का, हे कोणी सांगू शकत नव्हतं, आणि आईच्या शब्दांत तीच भीती होती. म्हणून मी हा निर्णय हिशेबाचा म्हणत नाही. तो फार जड होता. तिने २७ सप्टेंबरचं तिकीट धरलं. विमान रद्द होणं, ताप येणं अशा गोष्टींसाठी हाताशी जवळपास दोन आठवडे ठेवले. घटस्थापना घरी झाली.

निघण्याच्या आठवडाभर आधी, १९ सप्टेंबरला, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. नातेवाइकांचे फोन सुरू झाले, “आजच्या आज नीघ.” ती घोषणा ग्रीन कार्डधारकांसाठी नव्हतीच. अशा वेळी घोषणेचा मूळ मजकूर वाचावा. फॉरवर्ड झालेले संदेश वाचून तिकिटं बदलणाऱ्यांचे त्या दोन दिवसांत फार हाल झाले.

मुंबईचा काउंटर, मग नेवार्क

मुंबईत चेक-इनच्या माणसाने कार्ड उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, हे दीड वर्षापूर्वीच एक्स्पायर झालंय.” तिने पावती पुढे केली, ४८ महिन्यांचं वाक्य दाखवलं. त्याने वरिष्ठांना बोलावलं. यात त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. योग्य कागद नसलेला प्रवासी अमेरिकेत नेला तर कंपनीला दंड होतो, म्हणून ते घाबरतात. अशा वेळी आवाज चढवून उपयोग नसतो. अमेरिकी सीमा विभागाने विमान कंपन्यांसाठी दिलेल्या मार्गदर्शिकेत कार्ड आणि ही पावती मिळून चालते असं नमूद आहे, आणि शंका असेल तर कंपनीला विचारण्यासाठी त्या विभागाचा रिजनल कॅरिअर लिएझन ग्रुप असतो. “कृपया त्यांना विचारा” एवढं शांतपणे म्हणायचं. तिने म्हटलं, त्यांनी फोन केला आणि बोर्डिंग पास दिला. यात वेळ जातो. काउंटर उघडताच पोचावं ते यासाठी.

नेवार्क विमानतळावर पहिल्या अधिकाऱ्याने तिला आतल्या तपासणीकडे पाठवलं. आय-७५१ प्रलंबित असलेल्यांना हे अनेकदा घडतं. तिथे अर्जाची स्थिती बघतात. प्रश्न अपेक्षितच होते. इतके महिने का? तिथे काम केलं का? नवरा कुठे आहे? घर कोणाचं आहे? तिने रुग्णालयाचे कागद आणि रजेची दोन्ही पत्रं ठेवली. तासाभरात सुटका झाली.

याच खोलीत काहींच्या पुढे आय-४०७ ठेवला जातो. म्हणजे, मी माझा कायम रहिवासी दर्जा स्वखुशीने सोडतो, असं लिहून देणारा फॉर्म. २०२५ च्या सुरुवातीला असे प्रसंग भारतीय वृत्तपत्रांत बरेच आले, विशेषतः थंडीत भारतात राहणाऱ्या वयस्कर आईवडिलांच्या बाबतीत. हा फॉर्म ऐच्छिक आहे. सही न केल्याने दर्जा जात नाही. सरकारला दर्जा काढून घ्यायचा असेल तर इमिग्रेशन न्यायाधीशापुढे तसं सिद्ध करावं लागतं. थकलेल्या आईवडिलांना हे वाक्य मराठीत लिहून द्या, पाठ करवून घ्या: न्यायाधीशांपुढे बोलायचं आहे, सही करणार नाही.

दर्जा सोडला की नाही हे ठरवताना फक्त दिवस मोजत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. १९७५ च्या मॅटर ऑफ केन या निर्णयात इमिग्रेशन अपील मंडळासमोर अशी बाई होती, जी वर्षातले अकरा महिने जमैकात स्वतःचं लॉजिंग चालवत राहायची आणि महिनाभर अमेरिकेत यायची. कोणत्याही फेरीत तिने वर्षाची मर्यादा ओलांडली नव्हती, तरी तिचं खरं घर जमैकात आहे असं मंडळाने धरलं. आपल्या प्रकरणात घर, नवरा, नोकरी, कर सगळं न्यू जर्सीत होतं आणि जाण्याचं कारण तात्पुरतं होतं. तिची बाजू मजबूत होती ती त्यामुळे.

मुलाखत, आणि पुढचा पेच

नवी तारीख नोव्हेंबरच्या अखेरीस मिळाली. नवरा सोबत गेला. अर्ज २० ऑक्टोबर २०२५ च्या आधीचा असल्याने तिला नागरिकशास्त्राची जुनीच चाचणी होती, शंभर प्रश्नांतले दहा आणि सहा बरोबर हवेत. एन-४०० भरल्यानंतरचा हा प्रवास अर्जात नव्हता, तो तिने स्वतःहून सांगितला. अधिकाऱ्याने विचारलं ते जास्त लग्नाबद्दल: साडेपाच महिने दोघं वेगळी का राहिली? जुलैमध्ये नवरा दोन आठवडे साताऱ्याला येऊन गेला होता, त्याचं तिकीट, दोघांच्या खात्यातून रुग्णालयाला गेलेले पैसे, रोजच्या फोनची नोंद हे सगळं फाईलमध्ये होतं. आजारपणासाठी दूर राहणं म्हणजे संसार मोडणं नव्हे, पण ते कागदांनी दाखवावं लागतं. आय-७५१ मंजूर झाला आणि एन-४०० साठी शपथविधीची शिफारस झाली.

आता प्रश्न शपथेच्या तारखेचा. शपथेच्या दिवशी ग्रीन कार्ड परत द्यावं लागतं. त्याच क्षणी, नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे, भारतीय नागरिकत्व संपतं आणि भारतीय पासपोर्ट प्रवासाला वापरता येत नाही. हातात उरतं फक्त नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. अमेरिकी पासपोर्ट येईपर्यंत आणि भारताचा व्हिसा मिळेपर्यंत साताऱ्याहून पुन्हा फोन आला, तर काय? अमेरिकी पासपोर्ट कार्यालयात जवळच्या नातेवाइकाच्या गंभीर आजारासाठी तातडीची भेट मिळते, पण पुढे व्हिसाही लागतो.

दोघांनी ठरवलं ते असं. शपथ पुढे ढकलायची नाही, पण तिच्या आधी डिसेंबरमध्ये ती दहा दिवस जाऊन बाबांना भेटून येईल, भारतीय पासपोर्ट आणि कायम रहिवासी असल्याचा पुरावा चालतोय तोवर. शपथविधीच्या पत्रासोबत येणाऱ्या एन-४४५ फॉर्मवर मुलाखतीनंतरचा प्रवास विचारतात, तिथे तो लिहायचा. शपथेच्या दुसऱ्या दिवशी पासपोर्टचा जलद अर्ज, तो आला की लगेच भारतीय पासपोर्ट सरेंडर करून ओसीआयचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणाऱ्या कार्डाचा. आणि ओसीआय हातात येईपर्यंत बाबांकडे जायची वेळ आलीच, तर आधी नवरा जाईल, कारण त्याचं ओसीआय कार्ड तयार आहे.